तीन हाळ्या आणि एक लाल चिंधी

फार फार पूर्वी, घरोघर घड्याळं नव्हती आणि माणसाला आजच्याएवढी घाईही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका नदीच्या काठी एक गाव होतं. गाव अलीकडच्या तीरावर आणि गावातल्या चिमुकल्यांची शाळा पलीकडच्या तीरावर. असं का म्हणाल, तर पलीकडे उंबराखाली एक ऐसपैस धर्मशाळा रिकामी पडली होती. फुकटात मिळालेली जागा कोण सोडतो हो? म्हणून रोज सकाळी गावचा नावाडी बावीस पोरांना आणि त्यांच्या बाईंना नावेत बसवी, पलीकडे पोचवी आणि दुपारी परत आणी.

चार-पाच वर्षांच्या पोरांची शाळा त्या मुलखात पहिलीच. लोक हसले होते. दरबारातले कारभारी तर मिशीवरून हात फिरवत म्हणाले होते, "ज्यांचे अजून दुधाचे दात पडले नाहीत त्यांना कसली आलीय विद्या?" पण राणीसाहेबांनी ऐकलं नाही. त्यांनी शहरातून एक बाई आणवल्या आणि कागद लिहवून घेतला, की वर्षभर शाळा चालवून बघावी. वर्ष भरलं की त्या स्वतः येतील आणि शाळा ठेवायची की मोडायची, हे तिथंच ठरवतील.

बाई मोठ्या कष्टाळू. मनाने लोण्याहून मऊ. पण शिस्तीचा विषय निघाला की त्यांचा चेहरा बदलायचा. धर्मशाळेच्या आतल्या खोलीत, पोरांचा हात लागू नये म्हणून उंच ओट्यावर, त्यांनी पाण्याने भरलेलं एक घंगाळ ठेवलं होतं. त्यात तांब्याची वाटी तरंगायची. वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून पाणी हळूहळू वर यायचं, वाटी भरायची, बुडायची, की झाली एक घटका. वाटी बुडाली रे बुडाली, की बाई लाकडी मोगरी उचलायच्या आणि काशाच्या थाळीवर टोल द्यायच्या. ठण्ण!

ठण्ण झालं की हातातली खेळायची माती खाली. ठण्ण झालं की गाणं बंद, मग ते अर्ध्या ओळीत असो नाहीतर अर्ध्या शब्दात. गोष्टीतला वाघ उडी मारता मारता हवेतच राहायचा आणि पोरं जेवायला बसायची. जमिनीवर ओल्या मातीचं जे काही झालं असेल, त्यावरून बाई खराटा फिरवायच्या आणि म्हणायच्या, "हाताची घडी, तोंडावर बोट!" दुसऱ्या दिवशी नवी माती, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे त्या शाळेत लाडवाहून मोठी वस्तू कुणी बनवलीच नव्हती. बनणार तरी कशी?

या बावीस पोरांत एक होती आवडी. नावाड्याची लेक. आई भाकऱ्या थापायला बसली की परातीतलं पीठ चिमटीने पळवायचं आणि त्याची होडी करायची, मासा करायचा, माशाला मिशा लावायच्या, हा तिचा रोजचा उद्योग. शाळेत माती मिळाली तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. तिने नदी करायला घेतली. एक तीर झाला, दुसरा तीर होत आला, आणि ठण्ण! खराटा फिरला. पहिल्या दिवशी आवडीने भोकाड पसरलं. दुसऱ्या दिवशी ती नुसती मुसमुसली. असं पुष्कळ दिवस चाललं, आणि मग एके दिवशी तिने मातीला हातच लावला नाही. टोल पडायच्या आधीपासूनच हाताची घडी, तोंडावर बोट.

बाईंना काय आनंद झाला म्हणता! "बघा, बघा आवडीकडे! याला म्हणतात शहाणं मूल!"

झालं. शहाणं व्हायला कुणाला नको असतं? महिन्याभरात निम्मी पोरं तशी बसू लागली. शाळेत इतकी शांतता, की उंबराचं फळ पडलं तरी ऐकू यावं. बाई मनात म्हणाल्या, "जमलं हो आपल्याला!" अहो, कसलं जमलं! पण चुकीच्या रस्त्यालाही फुलं असतात, हे माणसाला लवकर कळत नाही.

अशात एके दुपारी राणीसाहेबांचा सांगावा घेऊन स्वार आला. पौर्णिमेला सरकार येणार. कारभाऱ्यांनी खाली स्वतःच्या अक्षरात जोडलं होतं, "सरकारांनी उंबऱ्यात पाऊल ठेवताच टोल पडावा, सर्व मुले एका रांगेत उभी राहावीत व स्वागतगीत म्हणावे. यात कसूर झाल्यास शाळेला कुलूप लागलेच समजावे." पौर्णिमेला पंधरा दिवस होते. बाई स्वाराशी बोलत मागे राहिल्या, पोरं पहिल्या खेपेला घरी गेली, आणि दुसऱ्या खेपेला नावेत एकट्या बाई आणि नावाडी.

आता त्या नदीवर नावाड्यांची एक रीत होती, बापजाद्यांपासून चालत आलेली. काठ जवळ आला की तीन हाळ्या द्यायच्या. नदीतला काळा खडक आला की पहिली, "आवरा होऽऽ!" मग गप्पा मारणाऱ्यांनी गाठोडी बांधायची, झोपलेल्यांना हलवायचं. वल्ही उचलली की दुसरी, "उठा होऽऽ!" आणि नाव काठाला टेकली की तिसरी, "उतरा होऽऽ!" बाई रोज त्या हाळ्या ऐकायच्या, म्हणजे कानांवर पडायच्या. त्यांच्याकडे लक्ष म्हणून त्यांनी कधी दिलं नव्हतं.

त्या दिवशी बाई स्वागतगीताचं यमक जुळवण्यात गढल्या होत्या. नावाडी घुम्यासारखा वल्हवत होता. काळा खडक आला आणि गेला. वल्ही उचलली गेली. आणि एकदम नाव काठाला धडकली! बाई, बाईंची पिशवी, सांगाव्याचा कागद, सगळं चिखलात.

"अहो दादा!" नाकावरचा चिखल पुसत बाई ओरडल्या. "काठ आला म्हणून आधी सांगायचं तरी! माणूस काय असं एकाएकी उतरतं?"

नावाड्याने वल्हं खाली ठेवलं आणि हात जोडले. "चुकलो बाई. मुद्दाम केलं. तोंडाने सांगायचं धाडस होत नव्हतं, तुम्ही शिकल्यासवरल्या. माझी आवडी घरी बसते, ती हाताची घडी घालून आणि तोंडावर बोट ठेवून. तिची आई पिठाचा गोळा पुढ्यात ठेवते, तरी घडी सुटत नाही. मी विचारलं, का गं बाय? तर म्हणाली, 'कशाला करायचं? ठण्ण होईल.'"

बाई चिखलात बसल्या होत्या, तिथून उठल्याच नाहीत. सगळ्यांसमोर त्या पोरीला दिलेली शाबासकी त्यांना आठवली आणि लाजेने मान वर होईना.

"काठ रोजचाच होता बाई," नावाडी हळूच म्हणाला. "नावही तीच. पण तुमचं मन मधल्या पाण्यात होतं आणि पाय काठावर आले. मग माणूस पडणार नाहीतर काय?"

त्याने हात देऊन बाईंना उठवलं. उठताना त्यांना नावेच्या टोकाला एक जाळं दिसलं, अर्धवट विणलेलं. शेवटच्या गाठीला लाल चिंधी बांधली होती.

"ही चिंधी कसली?"

"ती होय? काम अर्धं सोडून उठावं लागलं की बांधतो आम्ही. काम थांबलंय, संपलं नाही, असं सांगते ती. चिंधी दिसली की कुणी हात लावत नाही. उद्या तिथूनच पुढं."

बाई त्या चिंधीकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग ओल्या पदराने डोळे पुसून घरी गेल्या आणि जुनं लाल लुगडं काढून त्याच्या चिंध्या फाडत बसल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत तीन नवलं झाली. घंगाळ उंच ओट्यावरून उतरून पोरांच्या मधोमध आलं. खराटा खुंटीवर गेला. आणि बाई म्हणाल्या, "बाळांनो, आजपासून टोल नाही. या वाटीकडे लक्ष ठेवायचं."

पोरांनी ती वाटी कधी पाहिलीच नव्हती! बावीस डोकी घंगाळाभोवती गोळा झाली. बुडातून पाण्याचा एक बारीकसा डोळा वर येत होता, येत होता, येतच होता. कुणी श्वास सोडेना. "भरतीय!" तेल्याच्या जुळ्या पोरी कुजबुजल्या. जिचा इतके दिवस धाक वाटायचा, ती घटका अशी दिसते होय! इवलीशी, चकचकीत, पाण्यावर डुलणारी! वाटी काठोकाठ भरली, क्षणभर थबकली आणि डुबुक करून तळाशी गेली, तेव्हा पोरांनी टाळ्याच वाजवल्या.

मग बाईंनी रीत लावली. वाटी निम्मी भरली की पहिली हाळी, "आवरा होऽऽ!" काठाशी पाणी आलं की दुसरी, "उठा होऽऽ!" बुडाली की तिसरी, "उतरा होऽऽ!" आणि ज्याचं काम अर्धं असेल त्याने त्यावर चिंधी बांधायची.

सगळं लगेच सुरळीत झालं, असं मी सांगितलं तर मी थापाड्या ठरेन. पहिले दोन दिवस नुसता धुडगूस. एकाने चिंधी शेळीच्या शेपटीला बांधली, कारण म्हणे शेळी अर्धीच चरली होती. पण तिसऱ्या दिवशी कुंभाराचा पोरगा सकाळी धावत आला, आणि कालची त्याची विहीर जिथल्या तिथं, तशीच, चिंधीसकट! तो तिच्याकडे बघतच राहिला. "बाई, ही मोडली नाही!" तो म्हणाला, आणि विहिरीला त्याने पायऱ्या करायला घेतल्या. जुळ्यांनी विहिरीपर्यंत रस्ता आणला. रस्त्याला गाव लागलं, गावाला देऊळ, देवळाला कळस, कळसावर उंबराच्या पानाची पताका. दिवसेंदिवस ते वाढत गेलं. आठ दिवसांत धर्मशाळेच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत मातीचा मुलूख पसरला आणि मधून वळणं घेत नदी. बाई रोज सकाळी दार उघडायच्या आणि उंबऱ्यावरच थांबायच्या. हे सगळं या एवढ्याशा बोटांत होतं? आणि आपण ते रोज झाडून टाकत होतो?

गाणंही आता ओळ पुरी करून थांबायचं आणि गोष्टीतला वाघ जमिनीवर पाय टेकून मगच विश्रांती घ्यायचा.

फक्त आवडीची घडी सुटली नव्हती.

बाईंनी तिच्या पुढ्यात मातीचा एक गोळा ठेवला आणि त्याला आधीच चिंधी बांधली. "आवडी, चूक माझी होती," त्या म्हणाल्या. "हा तुझा. तू हात लाव, नको लावूस. कुणी मोडणार नाही."

आवडीने हात लावला नाही. पण रोज आली की आधी गोळ्याकडे बघायची. आहे. दुसऱ्या दिवशी, आहे. चौथ्या दिवशी, आहे. बाई रोज त्यावर पाणी शिंपडायच्या आणि काही न बोलता पुढे जायच्या. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आवडीने ओठांवरचं बोट काढलं आणि गोळ्याला टोचून पाहिलं. एवढंच.

पौर्णिमा उजाडली. गावाकडच्या घाटावर शिंग वाजलं. राणीसाहेब आणि कारभारी नावेत बसले, आणि इकडे शाळेत वाटीतलं पाणी निम्म्याच्याही खाली होतं. बाई पोरांवर नजर फिरवायला वळल्या आणि जागच्या जागी थिजल्या. आवडीचे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत होते! जिभेचं टोक बाहेर, कपाळावर बटा, आणि बोटं अशी चालली होती, की इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं आजच बाहेर यायचं होतं.

"आवरा होऽऽ" नदीवर नावाड्याची हाळी घुमली. "उठा होऽऽ" "उतरा होऽऽ"

कारभारी पुढे आले. खुंटीवरची मोगरी त्यांनीच काढून बाईंच्या हातात दिली. "सरकार उंबऱ्याशी आल्या. हाणा टोल! बघता काय?"

मोगरी बाईंच्या हातात. वर्षाची मेहनत, बावीस पोरांची शाळा, सगळं त्या एका टोलावर. बाईंनी थाळीकडे पाहिलं. मग आवडीच्या बोटांकडे. त्यांनी मोगरी खाली ठेवली, उंबऱ्यापाशी गेल्या आणि हात जोडले.

"सरकार, शाळा मोडायची तर मोडा. पण आत एक लेकरू किती दिवसांनी काहीतरी करतंय. ती वाटी बुडेपर्यंत थांबाल का?"

कारभाऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला. "राणीसाहेबांना थांबा म्हणता? तुमची ही हिंमत—"

राणीसाहेबांनी हात वर केला. त्यांची नजर बाईंच्या खांद्यावरून आत गेली होती. तिथे नदी होती, गावं होती, देवळं होती, रस्ते वळून वळून एकमेकांना भेटत होते, आणि त्या सगळ्यात बावीस पोरं अशी मग्न, की राणी आल्याचं कुणाच्या गावीही नव्हतं. राणीसाहेबांनी पायांतल्या मोजड्या काढल्या. त्या आत आल्या आणि घंगाळाजवळ जमिनीवर बसल्या. मग कारभाऱ्यांनाही बसावं लागलं. मातीत! धोतर सावरत! नावाडी दारात उभा होता. लेकीचे हात त्याला दिसले आणि त्याने तोंड पागोट्याच्या टोकात लपवलं.

वाटीत पाणी चढत होतं. जिच्या एका शब्दावर मुलूख उठायचा, ती राणी एका वाटीकडे पोरांसारखी टक लावून बघत होती. निम्मी भरली, तेव्हा बाईंनी हाळी दिली, "आवरा होऽऽ!" काठाशी पाणी आलं, "उठा होऽऽ!" आणि कुणी न ओरडता, कुणी न ढकलता पोरांनी चिंध्या बांधल्या, हात धुतले आणि ती उभी राहिली. वाटी बुडाली. "उतरा होऽऽ!" तेल्याच्या जुळ्यांनी गाणं सुरू केलं आणि बाकीची पोरं त्यात मिसळली. रांग थोडी वाकडी होती खरी. नदीला वळसा घालून उभं राहायचं तर ती वाकडीच होणार.

गाणं संपल्यावर राणीसाहेब उठल्या आणि आवडीपाशी आल्या. नदीच्या मधोमध तिने नाव केली होती. टोकाला तोंड उघडून हाळी देणारा नावाडी, मागे बाई, आणि मधे अंगठ्याएवढी बावीस पोरं. राणीसाहेब वाकून एकेकाला बघू लागल्या. कुणाचे हात वर होते, कुणाचे पाण्यात, कुणाचे शेजाऱ्याच्या गळ्यात. एकाचीही हाताची घडी नव्हती.

राणीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि बाळ, ही एक जागा रिकामी कशी?"

"ही तुझी," आवडी म्हणाली. राणीला 'तू'! कारभाऱ्यांना ठसकाच लागला. "पण आज नाही. वाटी बुडाली ना. उद्या ये, मग करते." आणि तिने नावेला लाल चिंधी बांधली. "थांबलीय. संपली नाही."

राणीसाहेबांनी कारभाऱ्यांपुढे हात केला. "शाळेचा तो वर्षापूर्वीचा कागद द्या."

कारभाऱ्यांनी घाईघाईने कागद आणि लेखणी पुढे केली. बाईंनी डोळे मिटून घेतले. पण राणीसाहेबांनी लेखणी घेतलीच नाही. त्यांनी कागदाची सुरळी केली आणि आवडीला म्हणाल्या, "मला एक चिंधी देशील?"

आवडीने दिली. राणीसाहेबांनी ती सुरळीला बांधली, पक्की गाठ मारली आणि कागद बाईंच्या हातात ठेवला.

"शाळेचं काम थांबलेलंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या, "आणि संपायचं तर नाहीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या खेपेला नावेत बावीस पोरं, एक बाई आणि एक राणी होती. काळा खडक येताच नावाड्याच्या आधी आवडीनेच हाळी दिली, "आवरा होऽऽ!" आणि राणीसाहेबांनी लगबगीने पदर खोचला. मातीच्या नावेतली त्यांची जागा वाट बघत होती.

काशाच्या थाळीत आता पोरं चिमण्यांसाठी पाणी ठेवतात म्हणे.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: लेकराला एका कामातून दुसऱ्या कामाकडे न्यायचं तर आधी हाळी द्यावी, आणि त्याचं अर्धं राहिलेलं काम मोडू नये. आज ठेवलेल्या अर्ध्यावरच उद्याचं मोठं उभं राहतं.